पाऊण तासाचे सत्र आणि उरलेला दिवस : सांगलीतील एका शीघ्र हस्तक्षेप केंद्राविषयी

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलांसाठी एक छोटे शीघ्र हस्तक्षेप केंद्र चालते. आमच्या मुलीला तेथे नेऊ लागल्याला आता अडीच वर्षे होत आली. या काळात त्या केंद्राने आमच्यासाठी काय केले, काय केले नाही, आणि पैसा व वेळ दोन्ही मोजून वापरावा लागणाऱ्या कुटुंबाने तेथे जावे की नाही, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तेथे एकूण पाच माणसे काम करतात, प्रतीक्षायादी तीन महिन्यांच्या खाली कधी येत नाही, आणि या लेखनात त्यांच्या उणिवाही येणार आहेत. शिवाय ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना बालरोगतज्ज्ञांकडून किंवा अंगणवाडीच्या ताईंकडून अशा ठिकाणांचा पत्ता मिळतोच. अवघड असते ते तेथे पोहोचल्यावर नेमके काय पाहायचे हे कळणे.

आमची मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन १ किलो ४०० ग्रॅम होते आणि मिरजेच्या एका रुग्णालयात ती ३६ दिवस काचेच्या पेटीत होती. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि कानांची बेरा चाचणी या दोन्ही गोष्टी तेथे वेळेवर झाल्या आणि दोन्ही ठीक आल्या, याबद्दल मी त्या लोकांचा ऋणी आहे. आठव्या महिन्यात मात्र माझ्या पत्नीच्या लक्षात आले की लंगोट बदलताना मुलीच्या मांड्या सहज फाकत नाहीत, आणि बगलेत धरून उभे केले की तिच्या टाचा टेकत नाहीत व पायांची कात्री होते. आम्ही एका डॉक्टरांना दाखवले. कमी दिवसांची बाळे सगळेच उशिरा करतात, वर्षभर थांबा, असे त्यांनी सांगितले. त्या सांगण्यात अर्धे तथ्य होते. अशा बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते आणि साधारण दोन वर्षांपर्यंत त्या सुधारित वयानेच त्याची प्रगती पाहायची असते. आमच्या मुलीचे नऊ आठवडे वजा करायलाच हवे होते. पण उशीर वेगळा आणि ताठरपणा वेगळा. नऊ आठवड्यांच्या वजाबाकीने उशिराचा हिशेब लागतो, ताठरपणाचा लागत नाही, हे आम्हाला सात महिन्यांनी दुसरीकडे कळले.

निदान सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडण्याचे, झाले. त्यातही दोन्ही पायांवर अधिक परिणाम करणारा, स्पास्टिक डायप्लेजिया नावाचा प्रकार. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या लगतचा पांढरा भाग कमी दिवसांच्या बाळांमध्ये फार नाजूक असतो आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके तेथून जातात, म्हणून अशा बाळांचे हात पुष्कळसे मोकळे राहतात आणि पाय आखडतात. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढते, त्याची हाडे लांब होतात, आणि ताठ स्नायू त्या गतीने लांबत नाहीत. म्हणून जे काही करायचे ते पहिल्या काही वर्षांत, मेंदू आणि शरीर दोन्ही घडत असताना करावे लागते. शीघ्र हस्तक्षेप या जड शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

या केंद्रात येण्यापूर्वी आम्ही नऊ महिने दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. तेथे एक दिवसाआड पाऊण तासाचे सत्र असे. मुलीला आत नेले जाई, दार बंद होई, आणि माझी पत्नी बाहेरच्या बाकावर बसून आतले रडणे ऐकत राही. रडते म्हणजे व्यायाम चांगला होतोय, असे तिला सांगितले गेले होते. घरी काय करायचे हे कोणी सांगितले नाही, आणि विचारले की पुढचे सत्र चुकवू नका एवढेच उत्तर मिळे. एका सत्राचे ५०० रुपये, महिन्यात तेरा सत्रे, म्हणजे ६,५०० रुपये. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे आणि आकडे मांडणे हेच माझे काम आहे. पण आठवड्याचे सव्वादोन तास सोडले तर उरलेल्या वेळी मुलगी कशी बसते, कशी खाते, कशी झोपते, हा हिशेब त्या नऊ महिन्यांत मीदेखील मांडला नव्हता.

या केंद्राने तो पहिल्याच भेटीत मांडला. नाव नोंदवल्यावर त्यांनी आम्हाला तेथे बोलावले नाही. त्यांच्या विशेष शिक्षिका आणि फिजिओथेरपिस्ट अशा दोघी आमच्या घरी आल्या, आणि येताना मुलीच्या जेवणाची वेळ विचारून आल्या. माझी पत्नी नेहमीप्रमाणे मुलीला मांडीवर आडवी घेऊन, मान मागे टाकून, मऊ भात भरवू लागली. त्या दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून नुसत्या पाहत होत्या. घास वरून तोंडात सोडला जाई, मुलगी जिभेने तो बाहेर ढकली, मग ठसका, मग पाठीवर थोपटणे, पदराने तोंड पुसणे, पुन्हा घास. तो एक वाटी भात संपायला पन्नास मिनिटे लागली. असे दिवसातून किती वेळा भरवता, असे त्यांनी विचारले. पत्नी म्हणाली, पाच वेळा. म्हणजे रोजचे चार तासांहून अधिक. शिक्षिकाबाईंनी ते वहीत लिहिले आणि म्हणाल्या, “ताई, व्यायाम नंतर बघू. आधी तुमचे हे चार तास कमी करू.”

त्या दिवशी त्यांनी एकही व्यायाम सांगितला नाही. मुलीला ताठ बसवले, पाठीशी लोड दिला, मांड्यांच्या मध्ये चादरीची वळकटी ठेवली, पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली पाट दिला आणि हनुवटी किंचित खाली झुकलेली राहील असे डोके धरायला शिकवले. मान मागे पडली की श्वासनलिकेचा मार्ग उघडा राहतो आणि अन्न तिकडे उतरण्याचा धोका वाढतो, म्हणून तो ठसका येत होता. चमचा वरून न आणता समोरून, थोडा खालून आणायचा, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा आणि वरच्या दातांवर न खरवडता सरळ बाहेर काढायचा. मूल ओठ मिटून घास ओढते की नाही हे पाहायचे आणि त्याने गिळल्याशिवाय दुसरा घास पुढे करायचा नाही. पातळ पाण्यापेक्षा नाचणीच्या दाटसर आंबिलीने सुरुवात करा, असेही त्यांनी सांगितले, कारण दाट पदार्थ तोंडात सावकाश सरकतो आणि मुलाला गिळण्याची तयारी करायला वेळ मिळतो. तीन आठवड्यांनी एका जेवणाला पंचवीस मिनिटे लागू लागली. ठसका पूर्ण थांबला नाही, पण दिवसाकाठी दोनदा-तीनदा यावर आला. पाचदा भरवण्याचे चारवर आले, आणि निदानानंतर पहिल्यांदाच माझी पत्नी दुपारी स्वतःचे ताट वाढून घेऊन बसली.

हे इतके बारकाईने लिहिण्याचे कारण असे की या सेवेचे खरे मोल येथेच आहे. केंद्रातले सत्र आठवड्यातून एकदाच असते आणि त्यात आई, वडील किंवा आजी यांपैकी कोणीतरी आत बसलेच पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. थेरपिस्ट मुलीला हाताळते, मग तेच घरच्या माणसाकडून करून घेते, आणि ते दिवसाच्या कोणत्या कामात बसेल हे विचारते. आंघोळीच्या वेळी गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, तेव्हा पोटऱ्या ताणायच्या. कपडे घालताना आधी आखडलेला पाय घालायचा. खेळ उभ्याने खेळायचा असेल तर ओट्याला टेकून उभे करायचे. वेगळा तास काढा, असे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. ज्या घरात पाणी सकाळी येते, सासूबाईंना गुडघेदुखी आहे आणि मोठ्या मुलाची शाळा सातची आहे, त्या घरात वेगळा तास निघत नसतो, हे त्यांना माहीत आहे.

माझ्या आईचा या सगळ्यावर सुरुवातीला विश्वास नव्हता. ती मूळची तासगाव तालुक्यातली. तिने नजर काढली, अंगारे आणले, आणि हे कोणाच्या तरी नशिबाचे आहे असे ती मनोमन धरून बसली होती. केंद्राच्या बाईंनी तिला एका शब्दाने दुखावले नाही. त्यांनी तिला विचारले, आजी, तुम्ही नात कशी घेता? आई तिला दोन्ही हातांवर आडवी, तान्ह्या बाळासारखी घेत असे. बाईंनी मुलीला आईच्या कडेवर, दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना टाकून बसवले आणि सांगितले की या मुलीच्या पायांची कात्री सोडवण्यासाठी कडेवर घेणे हा उत्तम उपाय आहे, आणि तो तुमच्याइतका कोणाला जमणार नाही. गावाकडे सगळ्या बायका मुलांना असेच घेतात. आई त्या संध्याकाळी मला म्हणाली, “मला वाटलं व्हतं आता आपला काय बी उपेग न्हाई. पोरीला घेऊन फिरायचं तेवढं मी करीन बाबा.” गुडघ्यांमुळे तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवत नाही, पण ती दहा मिनिटे ती दिवसातून चारदा देते.

दुसरी गोष्ट खुर्चीची. अशा मुलांसाठी कोपऱ्याची खुर्ची असते: पाठीच्या दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, त्यामुळे खांदे पुढे येतात आणि मूल मागे ताठ फेकले जात नाही, बैठकीवर मांड्यांच्या मध्ये एक गोल कडांचा ठोकळा, म्हणजे पाय जुळत नाहीत, आणि पुढे ताट ठेवण्याएवढी फळी. बाजारातल्या तयार खुर्चीची किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. केंद्राने मुलीची मापे घेतली, म्हणजे बुडापासून गुडघ्याच्या मागपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, आणि बसल्यावर काखेपर्यंतची उंची, आणि कागदावर चित्र काढून दिले. आमच्या ओळखीच्या सुताराने १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची खुर्ची १,८०० रुपयांत करून दिली. पहिल्या खुर्चीचा ठोकळा फार पुढे बसला होता आणि मुलगी घसरून त्याला टेकत होती; थेरपिस्ट स्वतः घरी येऊन खूण करून गेल्या आणि सुताराने तो दोन बोटे मागे घेतला. त्या खुर्चीत बसून मुलीने पहिल्यांदा दोन्ही हातांनी परातीतल्या ज्वारीच्या दाण्यांत खेळ मांडला. मागे पडू नये म्हणून तोपर्यंत तिचा एक हात कायम जमीन धरून असे.

पायांच्या स्प्लिंटबाबतही त्यांचे सांगणे असेच नेमके होते. घोटा आणि पाऊल धरून ठेवणाऱ्या या प्लास्टिकच्या साच्यांना एएफओ म्हणतात. ते घालून काढल्यावर कातडीवर लाल वळ दिसला तर घड्याळ लावून बसायचे. साधारण वीस-तीस मिनिटांत तो गेला तर ठीक, राहिला तर साचा टोचतो आहे असे समजून तो वापरणे थांबवायचे आणि करणाऱ्याकडे परत न्यायचे. आत सुती, बिनशिवणीचा मोजा हवा, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो दिवसातून दोनदा बदलायला हवा. आमच्याकडे असे सांगितले जाण्यापूर्वी घेतलेला एक जोड होता; तो टोचत होता म्हणून मुलगी रडते, हे आम्हाला महिनाभर कळले नव्हते.

ज्या गोष्टी पालकांना ऐकायच्या नसतात त्या हे लोक सांगतात, हेही मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांची एक वर्गवारी १९९७ मध्ये कॅनडात तयार झाली आणि आज ती जगभर वापरली जाते. पहिल्या पातळीचे मूल आधाराविना चालते, तर पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि धड सावरायलाही मदत लागते. आमची मुलगी तिसऱ्या पातळीवर आहे, म्हणजे हाताने धरण्याचे साधन घेऊन ती चालू शकेल आणि लांबच्या अंतराला बहुधा चाकाची खुर्ची लागेल, हे त्यांनी ती सव्वादोन वर्षांची झाल्यावर आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. त्याआधी आम्हाला प्रत्येकाने ‘चालेल, चालेल’ एवढेच सांगितले होते. त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघे काही बोललो नाही. पण त्यानंतर आम्ही वॉकर घेण्याचे टाळणे सोडले, आणि मुलगी चार महिन्यांत वॉकर धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागली.

त्याच सुमारास एका परिचिताने मोठ्या शहरातल्या स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, उपचाराची माहिती आणली होती. खर्च लाखांत होता आणि मी दुकानातून उचल घेण्याची बोलणीही केली होती. केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समजावून सांगितली. रक्ताच्या काही ठरावीक आजारांतील मूलपेशी प्रत्यारोपण सोडले तर बाकी सर्व ठिकाणी हा उपचार केवळ मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीचा भाग म्हणून करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्या म्हणाल्या, “दादा, त्या पैशात तिची दहा वर्षांची फिजिओ होते.” मी उचल घेतली नाही. खुब्याचा सांधा हळूहळू निसटण्याचा धोका अशा मुलांना असतो आणि सुरुवातीला तो दुखतही नाही, म्हणून ठरावीक काळाने कमरेचा एक्स-रे काढून तो अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा, ही सूचनाही आम्हाला प्रथम येथेच मिळाली.

कागदपत्रांत केंद्राची मदत मोठी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट ठेवली. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, यांचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर कसा भरायचा, तपासणीला जाताना जुने कोणते कागद न्यायचे, आणि प्रमाणपत्र मुदतीचे मिळाले तर तारीख कोठे लिहून ठेवायची, हे त्यांच्याकडे मराठीत छापलेल्या एका पानावर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चालणारी निरामय आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे; तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे, आणि विमा घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. पैसे आधी आपण भरायचे आणि मूळ पावत्या जोडून मागायचे असतात. मी पावत्या जपणारा माणूस असूनही पहिला दावा एका पावतीवर शिक्का नसल्यामुळे परत आला. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८० डीडी मात्र मीच केंद्रातल्या इतर पालकांना समजावून सांगितले: जुन्या कररचनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वासाठी ७५,००० आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट, प्रत्यक्ष खर्च कितीही असो, सेरेब्रल पाल्सीसाठी त्याला फॉर्म १०-आयए लागे. त्या दिवसापासून केंद्र मला मार्च महिन्यात एक रविवार मागते आणि मी तो देतो.

आता घरातल्या इतर माणसांविषयी. गुरुवारी दुपारी दोन तास मुलाला केंद्रात ठेवून जाता येते. त्या वेळात आईने काय करावे हे कोणी विचारत नाही. पहिल्या गुरुवारी माझी पत्नी दाढ दाखवायला गेली, जी पाच महिने दुखत होती आणि जिच्याबद्दल मला माहीत नव्हते. आमचा मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. बहिणीच्या जन्मानंतर तो फारच समजूतदार झाला आहे, असे आम्ही कौतुकाने सांगत असू. भावंडांसाठी महिन्यातून एका शनिवारी जो खेळ-गप्पांचा कार्यक्रम असतो, तेथे त्याने चित्र काढले. त्यात आई, बाबा, आजी आणि बहीण होती, आणि तो स्वतः कागदाच्या मागच्या बाजूला होता. बाईंनी ते चित्र आम्हाला दाखवले आणि उपदेश न करता एवढेच सांगितले की रोज अर्धा तास तुमच्यापैकी एकाने फक्त त्याचे व्हा. आता रात्री त्याच्याबरोबर मी बसतो.

उणिवांकडे येतो. पहिली आमच्यासारख्या वडिलांची. सर्व सत्रे सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान असतात, आणि हळदीच्या हंगामात सौदे चालू असताना मला दुकान सोडता येत नाही. पहिले वर्षभर मला मुलीचे व्यायाम पत्नीच्या तोंडूनच कळत होते, त्यामुळे चुकीचे करण्याची भीती वाटून मी मुलीला हात लावायचेच टाळत होतो. तीन-चार वडिलांनी मिळून सांगितल्यावर आता महिन्यातून एक रविवार सुरू झाला आहे. तो पुरेसा नाही. ज्या केंद्राला संपूर्ण कुटुंबाला बरोबर घ्यायचे आहे त्याने संध्याकाळचे एक सत्र तरी ठेवलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी उणीव वाचा-उपचाराची. त्या तज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात, आणि अडीच वर्षांत तीन जणी बदलल्या. शिकलेली मुले पुण्याकडे जातात आणि येथील पगारात त्यांना थांबवणे अवघड आहे, हे समजते. तरी नव्या बाईंनी प्रत्येक वेळी पहिल्यापासून तपासणी सुरू करावी आणि आमचे दोन महिने त्यात जावेत, हे नीट नोंदी ठेवून टाळता येण्यासारखे आहे. तज्ज्ञांच्या निवडीबाबत पालकांना एक सुचवतो: विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती कोठेही गेलात तरी विचारून घ्यावी. येथे ती प्रमाणपत्रे भिंतीवर लावलेली आहेत.

तिसरी गोष्ट अहवालांच्या भाषेची. दर सहा महिन्यांचा अहवाल इंग्रजीत असे. माझ्या पत्नीचे शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झाले आहे. जी बाई दिवसभर मुलीबरोबर असते तिलाच तो वाचता येत नव्हता. तक्रार केल्यावर आता शेवटी अर्धे पान मराठी सारांश जोडतात. पूर्ण अहवाल मराठीत का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पावसाळ्याबद्दलही लिहायला हवे. कृष्णेचे पाणी चढू लागले की आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला आणि ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेला कधी पोहोचते याकडे सगळ्या शहराचे लक्ष असते. त्या दिवसांत नदीकाठच्या गावांतून आणि गावठाणातून येणारी कुटुंबे अडकतात. केंद्र अशा वेळी फोनवरून चित्रफीत मागवून मार्गदर्शन करते, आणि स्प्लिंट, औषधे व प्रमाणपत्रे एका पिशवीत वर ठेवा असा निरोप जुलैतच देते. झटक्यांची, म्हणजे फिटची, औषधे चालू असलेल्या मुलांच्या घरी तर केंद्रातल्या बाई स्वतः फोन करतात.

गेल्या वर्षीपासून मुलगी आमच्या भागातल्या अंगणवाडीत जाते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते हे मला माहीत होते. पण केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती, जाहीर केला आहे, आणि आपल्या मुलीने तेथे इतर मुलांबरोबर बसणे हे कोणाचे उपकार नाहीत, हे केंद्राकडून कळले. त्यांच्या शिक्षिका दोन दुपारी अंगणवाडीत गेल्या. खुर्ची कोठे ठेवायची, खाऊ कसा द्यायचा, आणि इतर मुलांनी ‘ही चालत का नाही’ असे विचारले तर काय सांगायचे, हे त्यांनी ताईंबरोबर बसून ठरवले. ‘तिच्या पायांना शिकायला वेळ लागतो’ हे उत्तर आता त्या वर्गातली मुले पाहुण्यांना स्वतःहून सांगतात.

खर्चाचे सांगतो. एका सत्राचे ४०० रुपये, महिन्यातून एक गृहभेट ५०० रुपये. आम्हाला महिन्याला साधारण २,१०० रुपये पडतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सवलत आहे आणि ती देताना चारचौघांत विचारपूस होत नाही. जत किंवा आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांना गृहभेट मिळत नाही, त्यांना फोनवर समाधान मानावे लागते. मुलाला आत सोडून बाहेर थांबण्याची ज्यांची अपेक्षा आहे, किंवा ज्यांच्या घरातून सत्राला एकही माणूस नियमित येऊ शकत नाही, त्यांना येथे त्रास होईल. ज्या मुलाचे झटके आटोक्यात नाहीत त्याने आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. केंद्रही तेच सांगते.

इमारतीला दारात तीन पायऱ्या आहेत आणि उतार नाही. दिव्यांग मुलांच्या केंद्राला उतार नसणे मला पहिल्या दिवसापासून खुपते. आम्ही काही पालकांनी खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे, पण घरमालकांची परवानगी अद्याप मिळालेली नाही. तोपर्यंत चाकाची खुर्ची घेऊन जाणाऱ्यांनी फाटकाशी पोहोचल्यावर फोन करावा. आतून दोघी येऊन खुर्ची उचलून घेतात.